भरत आलेल्या जखमेसाठी घरातली जंतुनाशके: एक परीक्षण

घरातल्या औषधपेटीत जंतुनाशकाच्या दोन-तीन बाटल्या बहुधा असतातच, आणि कापले किंवा खरचटले की त्यांपैकी हाताला लागेल ती उघडली जाते. मातीने माखलेल्या ताज्या जखमेपुरते ते समजण्यासारखे आहे. पण जखम भरू लागल्यावरही रोज तीच बाटली, तोच कापसाचा बोळा आणि तेच चोळणे चालू राहते, तेव्हा या द्रावणांची पारख वेगळ्या निकषावर करावी लागते. एखादे द्रावण जंतू किती मारते एवढेच न पाहता, नव्याने तयार होणाऱ्या पेशींना ते किती जगू देते, हेही पाहावे लागते.

या निकषावर सर्वांत निराशा करते ते ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर पडताच ते फसफसते आणि पांढरा फेस पाहून जंतू मरत असल्याची खात्री वाटू लागते. प्रत्यक्षात आपल्याच रक्तात आणि पेशींत असलेले कॅटलेज नावाचे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटन करते, त्यामुळे जखमेत जंतू नसले तरी फेस येतोच. भरत आलेल्या जखमेच्या कडेला नीट पाहिले, तर एक पातळ, गुलाबी, किंचित चकचकीत पट्टी दिसते. ती कडेकडून आत सरकणारी नवी त्वचा असते. पेरॉक्साइड लागले की हीच पट्टी पांढुरकी पडते, आणि रोज तसे करत राहिल्यास जखम बुजायला उशीर होतो. खोल, तोंड अरुंद असलेल्या जखमेत तर ते कधीच ओतू नये, कारण तयार होणारा वायू रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका असतो.

सर्जिकल स्पिरिटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते अखंड त्वचेसाठी आहे, उघड्या जखमेसाठी नाही. जितके झोंबेल तितके औषध चांगले, हा आपल्याकडचा जुना समज मात्र याच बाटलीमुळे टिकून राहिला असावा. झोंबणे म्हणजे उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना होणारा त्रास. औषधाचा गुण त्यावरून ठरत नाही.

डेटॉलसारख्या द्रवात क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के असते, आणि ते पाण्यात मिसळूनच वापरायचे असते. येथे खरी अडचण औषधापेक्षा अंदाजाने ओतण्याची आहे. पाणी दुधाळ झाले म्हणजे प्रमाण बरोबर जमले, असे अनेकांना वाटते. पण थोड्याशा द्रवानेही पाणी दुधाळच होते, त्यामुळे रंगावरून काहीही कळत नाही. लेबलवरचे प्रमाण मापूनच घ्यावे. तसाच घट्ट द्रव लावल्याने त्वचा भाजल्यासारखी लाल होऊन सोलली जाऊ शकते.

या सर्वांत पोव्हिडोन आयोडीन मला उजवे वाटते. १० टक्के द्रावणात उपलब्ध आयोडीन १ टक्का असते, ते हळूहळू सुटते आणि फारसे झोंबतही नाही. दूषित जखमेवर सुरुवातीला त्याचा उपयोग होतो. तरीही रक्त आणि पू यांच्या संपर्कात त्याचा जोर कमी होतो, म्हणून आधी जखम धुणे आवश्यकच राहते. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि तान्ह्या बाळांसाठी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे. स्वच्छ, लालसर, दाणेदार मांस भरत असलेल्या जखमेवर ते रोज लावण्याचे मात्र कारण उरत नाही.

जंतुनाशकांच्या उपयोगाबद्दलची ही शंका नवी नाही. पहिल्या महायुद्धातील जखमांचा अभ्यास करून अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९१९ मध्येच दाखवून दिले होते, की खोल जखमेत रासायनिक जंतुनाशके सगळ्या जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारतात.

म्हणून माझी पहिली पसंती सलाइनला, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणाला आहे. ते न मिळाल्यास पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याची हलकी धार पुरते. साध्या जखमा अशा पाण्याने धुतल्याने संसर्ग वाढतो, असे उपलब्ध अभ्यासांत आढळलेले नाही. द्रावण थंडगार नसावे, आणि पुसायला कापसाऐवजी गॉझ घ्यावे, कारण कापसाचे तंतू ओल्या जखमेला चिकटून राहतात. धुतल्यावर जखम उघडी ठेवून कोरडी करण्यापेक्षा ओलसर राखणारी पट्टी बांधावी. झाकलेली, ओलसर जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून १९६२ मध्ये दाखवले आहे.

जखमेभोवतीची लाली पसरू लागली, ठणका वाढला, पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, ताप आला, किंवा मधुमेह्याच्या पायाला जखम झाली, तर यांपैकी कोणत्याही बाटलीवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. सलाइन विकत घेताना मोठ्या बाटलीऐवजी एका वेळेपुरत्या लहान कुप्या घ्याव्यात, कारण एकदा उघडलेले सलाइन निर्जंतुक राहत नाही आणि उरलेले उद्यासाठी ठेवता येत नाही.