समाजमंदिरातला एकच खेळ: ‘वॉरगेम्स’ की ‘द चायना सिंड्रोम’?

कापूस घरात आला की भद्रावती-वरोऱ्याकडच्या गावांत मंडळाची पोरं समाजमंदिरात पडदा बांधतात. यंदा ‘यंत्र बिघडलं तर’ या विषयावरचा जुना थरारपट दाखवायचा असेल, तर माझ्या मते खरी निवड ‘वॉरगेम्स’ आणि ‘द चायना सिंड्रोम’ या दोघांतच आहे. आधी मागे पडलेले दोन सांगतो.

‘कोलोसस: द फॉर्बिन प्रोजेक्ट’ (१९७०) ची कल्पना जबरदस्त आहे. अमेरिकेचा संगणक रशियाच्या संगणकाशी संधान बांधतो आणि माणसांनाच हुकूम सोडू लागतो. पण सगळा खेळ बोलण्यावर, आपले म्हातारे मध्येच उठून जातील. ‘वेस्टवर्ल्ड’ (१९७३) उलट शब्दांविनाही कळतो. युल ब्रायनरचा थंड डोळ्यांचा यंत्रमानव मागे लागला की भाषा लागतच नाही. मात्र यंत्र का बिघडलं, याच्याशी त्या सिनेमाला फारसं देणंघेणं नाही.

‘वॉरगेम्स’ (१९८३) नववी-दहावीच्या पोरांसाठी. एक मुलगा फोनच्या तारेवरून शाळेच्या संगणकात शिरून गुण बदलतो, आणि पुढे खेळ समजून थेट लष्कराच्या संगणकाशी अणुयुद्ध खेळायला बसतो. गोष्ट सरळ, वेग चांगला. हा सिनेमा पाहून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी सेनाधिकाऱ्यांना ‘असं खरंच होऊ शकतं का?’ असं विचारलं होतं, आणि पुढच्याच वर्षी सरकारी संगणकांच्या सुरक्षेचा आदेश निघाला.

तरी माझं मत ‘द चायना सिंड्रोम’ला (१९७९). आपल्याकडे घरटी नाही, पण गल्लीत एक तरी माणूस चंद्रपूरच्या थर्मलमध्ये, म्हणजे वीज केंद्रात, शिफ्टवर जातो. तिथे कोळसा जळतो, सिनेमात अणुभट्टी आहे. पण कंट्रोल रूममधली माणसं तीच. पाण्याची पातळी दाखवणारा काटा वरच अडकतो. पाणी जास्त झालं समजून ती माणसं ते बाहेर सोडत राहतात. मग शिफ्टचा प्रमुख झालेला नट जॅक लेमन काचेवर टिचकी मारतो आणि काटा खाली घसरतो. विहिरीवरच्या स्टार्टरच्या व्होल्टमीटरला आपणही अशीच टिचकी मारतो, म्हणून त्या क्षणाला पोटात खड्डा पडतो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, नुसती यंत्रांची घरघर. पुढे कळतं की वेल्डिंग तपासणीचे वेगवेगळे एक्स-रे म्हणून एकच फोटो पुन्हापुन्हा लावलेला आहे. बिघाड यंत्राचा, पण मुळाशी कंत्राटदाराची लबाडी. सिनेमा लागला १६ मार्चला आणि बाराव्या दिवशी अमेरिकेतल्याच थ्री माईल आयलंडच्या अणुवीज केंद्रात खरा अपघात झाला. तिथेही अडकलेल्या झडपेमुळे पाणी कमी होत होतं आणि कर्मचाऱ्यांना ते जास्त वाटत होतं.

अडचण एकच, संवाद भरपूर आहेत. थर्मलमधल्याच एखाद्या काकांना माईक द्या. मध्येमध्ये थांबवून ते वऱ्हाडीत सांगतील. तेवढा माणूस मिळत नसेल, किंवा समोर नुसती शाळेची पोरं असतील, तर ‘वॉरगेम्स’ लावा.