झोनइन्फो: पायटीझेडला नारळ दिल्यावर

सकाळी १० ची अपॉइंटमेंट आणि पेशंटला मेसेज जातोय ९:३७ चा. आम्हाला वाटलं रिसेप्शनवाल्या ताईंनीच टाईप करताना घोळ घातला असणार (बिचाऱ्यांनी उगाच बोलणी खाल्ली), मग कळलं की आमच्यातल्याच एकाने पायटीझेडचा (पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसाठीची टाईमझोनची जुनी लायब्ररी) झोन सरळ डेटटाईम, म्हणजे तारीख-वेळ, बनवतानाच टीझेडइन्फो (टाईमझोनची जागा) म्हणून चिकटवलाय. पायटीझेडला ते चालत नाही, तिथे लोकलाईज (वेळेला झोन जोडायचं वेगळं फंक्शन) करावंच लागतं, नाहीतर ते त्या झोनची सगळ्यात जुनी नोंद उचलतं, आणि एशिया/कोलकाताची जुनी नोंद म्हणजे कलकत्त्याची स्थानिक वेळ, ५ तास ५३ मिनिटं. आपला आयएसटी साडेपाच तास. गेली २३ मिनिटं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

झोनइन्फो, पायथॉनची स्वतःची टाईमझोन लायब्ररी, पायथॉन ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून घरातच आहे, जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) ४.० ने ते डिफॉल्ट केलं आणि ५.० ने तर पायटीझेडचा सपोर्टच काढून टाकला, तरी आम्ही आपले जुन्याला कवटाळून बसलेलो. यावेळी जँगो अपग्रेडच्या निमित्ताने एकदाचं उरकलं.

वापरायला एकदम सुटसुटीत. झोन द्या, विषय संपला. लोकलाईज नाही, नॉर्मलाईज (बेरीज-वजाबाकीनंतर वेळ दुरुस्त करणं) नाही, आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये घड्याळ तासभर मागे घेतात तेव्हा रात्रीचा दीड दोनदा वाजतो त्यातला कुठला हवा ते फोल्ड ० की १ एवढंच सांगायचं. कोलकाता बरोबर साडेपाच देतं, मी तीनदा चेक केलं, सवयच लागलीय.

पण शोधा आणि बदला करून झोपायला गेलात तर फसाल! आमच्या अमेरिकेतल्या क्लायंटच्या नर्सेसची नाईट ड्युटी, २ नोव्हेंबर २०२४ रात्री १० ते ३ तारखेला सकाळी ६. त्या रात्री घड्याळ एक तास मागे जातं म्हणजे काम झालं ९ तास. पायटीझेडने वजाबाकी ९ च दिली होती, झोनइन्फोने ८ दिली. कारण दोन्ही वेळांचा झोन एकच असला की पायथॉन भिंतीवरच्या घड्याळाची वजाबाकी करतं, पायटीझेडमध्ये उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा ऑब्जेक्ट वेगळा असायचा म्हणून ते आपोआप निभावून जायचं. आधी दोन्ही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) न्यायचे, मग वजा करायचं. टेस्टमध्ये सापडलं म्हणून वाचलो, नाहीतर लोकांचा एका तासाचा पगार कापला गेला असता. दोष झोनइन्फोचा नाही, पायथॉनचा नियमच तसा आहे, तरी एक स्टार मी याच्यासाठीच कापतोय. ५ पैकी ४.

बाकी किरकोळ. विंडोजवर टीझेडडेटा पॅकेज वेगळं टाकावं लागतं कारण विंडोजकडे स्वतःचा तसा डेटाबेस नसतो. पायटीझेड स्मॉल-कॅपिटल बघत नव्हतं, झोनइन्फो लिनक्सवर बघतं, त्यामुळे आमच्या टेबलात कुणीतरी सगळं स्मॉलमध्ये भरून ठेवलेलं एशिया/कोलकाता लिनक्स सर्व्हरवर आपटलं. झोनचं नाव काढायला कोडमध्ये डॉट झोनच्या जागी डॉट की. झोनची यादी आता सेट म्हणून येते, ड्रॉपडाऊनमध्ये टाकायची तर सॉर्ट करा, आमच्या पहिल्या डेमोत अंटार्क्टिकाच्या खाली पॅरिस आलं होतं.

आणि हो, परवा पिप लिस्ट (बसवलेल्या पॅकेजेसची यादी) मारली तर पायटीझेड अजून तिथेच. आमचं पांडाज (डेटा हाताळायची पायथॉन लायब्ररी) अजून आवृत्ती २ वर आहे, तेच त्याला मागच्या दाराने घेऊन आलंय.