जावाची स्ट्रिंग : नऊ वर्षं मराठी नावं छापल्यावर

पतसंस्थांच्या सभासद याद्या आणि पासबुकं छापणारं सॉफ्टवेअर मी नऊ वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितेय. स्ट्रिंग म्हणजे त्यातला मजकूर ठेवणारा क्लास, म्हणजे तयार साचा. माझ्या स्ट्रिंगमध्ये बहुतेक माणसांची नावंच असतात. नाव चुकलं की सभासद दुखावतो, म्हणून हा क्लास मी बारकाईनं पारखलाय.

सगळ्यात आवडतं ते हे, की एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. रिप्लेस करा (अक्षरं बदला), स्ट्रिप करा (कडेच्या रिकाम्या जागा काढा), हाती नवी स्ट्रिंग येते आणि जुनी तशीच राहते. नवीन मुलं ती नवी स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये ठेवायला विसरतात आणि 'स्पेस गेलीच नाही' म्हणत येतात. पण याच स्वभावामुळे एक नाव दहा ठिकाणी बिनघोर देता येतं. लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा, ओळी जोडायच्या असतील तर मात्र बदलता येणारा स्ट्रिंगबिल्डर घ्या.

खरी कसोटी देवनागरीत लागते. 'लक्ष्मण' आपण तीन अक्षरं म्हणतो, स्ट्रिंगची लांबी देणारं लेंग्थ ७ सांगतं : ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ण. ते यूटीएफ-१६ चे, म्हणजे मजकूर साठवायच्या सांकेतिक पद्धतीचे, घटक मोजतं. हे नीट समजून न घेता मी पासबुकाच्या रकान्यासाठी सबस्ट्रिंगनं, म्हणजे स्ट्रिंगचा तुकडा काढणाऱ्या मेथडनं, नावं कापली. एका आजींच्या पासबुकावर त्यांच्या यजमानांचं नाव 'लक्' असं पाय मोडून उमटलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं त्यावरून बोट फिरवत राहिल्या. आता कापायची जागा मी ब्रेकइटरेटरला, म्हणजे मजकूर कुठे तोडावा ते सांगणाऱ्या क्लासला, विचारते, शिवाय हलन्तावर कधीच थांबत नाही.

दुसरा त्रास 'कुऱ्हाडे' या आडनावाचा. कुणी थेट ऱ टाइप करतं, कुणी र आणि नुक्ता, कुणी र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखी, दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का ते बघणाऱ्या इक्वल्सला तिन्ही वेगळी. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या नॉर्मलायझरचा एनएफसी हा प्रकार पहिल्या दोघांना एक करतो, तिसऱ्याला हात लावत नाही. तिथे रिप्लेस आपणच लिहायचं. स्ट्रिपही जॉइनर काढत नाही, कारण त्याच्या लेखी ती रिकामी जागा नाही.

क्रमवारीत दोन स्ट्रिंगमध्ये आधी कोण ते ठरवणारं कंपेअरटू ळ ला ल आणि व यांच्यामध्ये बसवतं. आपल्या वर्णमालेप्रमाणे तो ह नंतर हवा असेल तर क्रम लावणाऱ्या रूलबेस्डकोलेटर या क्लासला स्वतःचे नियम द्यावे लागतात.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा लेंग्थसाठी : मराठी अक्षरं मोजणारी एक साधी मेथड स्ट्रिंगमध्येच असायला हवी होती.