टेक्स्ट ब्राउझरसाठी सर्च इंजिन: माझी पसंती डकडकगो लाइटला

देवगड तालुक्यातील आमच्या वाडीत आषाढ लागला की वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही बेभरवशाची होतात. बागेच्या कामासाठी माहिती मात्र नेमकी तेव्हाच हवी असते. म्हणून मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (अक्षरी आज्ञा देण्याच्या खिडकीत) लिंक्स आणि डब्ल्यूथ्रीएम हे दोन टेक्स्ट ब्राउझर, म्हणजे पानातला फक्त मजकूर दाखवणारे ब्राउझर, वापरतो. लिंक्स याच उच्चाराचा आणखी एक ब्राउझर आहे. मी म्हणतो तो 1992 साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला.

हे दोन्ही ब्राउझर जावास्क्रिप्ट (वेबपानात दडलेले छोटे प्रोग्राम) चालवत नाहीत, त्यामुळे निवडीचा पहिला निकष आपोआप ठरतो. गूगलने जानेवारी 2025 पासून शोधासाठी जावास्क्रिप्ट आवश्यक केली आणि तो मार्ग आमच्यापुरता संपला. दुसरा निकष वापरल्याशिवाय लक्षात येत नाही. लिंक्समध्ये खालच्या बाणाने एकेका दुव्यावरून पुढे सरकावे लागते, म्हणून पहिल्या निकालाआधी पानाच्या माथ्यावर वीस-पंचवीस दुवे असतील तर प्रत्येक शोधात तेवढ्या वेळा कळ दाबावी लागते.

या दोन्ही कसोट्यांवर डकडकगोची लाइट आवृत्ती मला सर्वांत सरस वाटते. लाइट डॉट डकडकगो डॉट कॉम या पत्त्यावर शोधाची चौकट, प्रदेश आणि कालावधी निवडण्याच्या दोन याद्या, आणि त्याखाली थेट क्रमांक घातलेले निकाल असतात. प्रत्येक निकालाखाली दोन-तीन ओळींचा सारांश आणि मूळ पत्ता दिसतो, त्यामुळे कोणते पान उघडण्याजोगे आहे हे आधीच ठरवता येते. रेंजची एक कांडी असताना ही सोय फार मोलाची आहे.

गेल्या जुलैमध्ये हापूसच्या कलमांना पॅक्लोब्युट्राझोल हे मोहोर आणण्यासाठीचे वाढनियंत्रक घालायचे होते. कोकणात ते साधारण 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान देतात आणि मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर ठरते. मी ‘पॅक्लोब्युट्राझोल हापूस मात्रा’ एवढेच शब्द टाकले. एका सारांशातच दर मीटर व्यासाला 3 मिलिलिटर ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस वाचायला मिळाली. खात्रीसाठी ते एकच पान उघडले, आणि त्यातही लिंक्समध्ये तिरकी रेघ दाबून ‘मीटर’ हा शब्द शोधल्यावर हवी ती ओळ लगेच समोर आली.

मराठीच्या बाबतीत एक अडचण राहते, पण तिचा दोष सर्च इंजिनाकडे जात नाही. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षरापासून सुटते आणि ओळींची मांडणी सरकते. एमएलटर्म हे टर्मिनल भारतीय लिप्यांची जुळणी करू शकते. मराठीत शोधणाऱ्याने सर्च इंजिन बदलण्याआधी टर्मिनल बदलून पाहावे. लिंक्सच्या पर्यायांत अक्षरसंच यूटीएफ-8 (देवनागरीसह सर्व लिप्या सामावणारा) ठेवणेही विसरू नये.

इतर पर्यायांपैकी ब्रिटनचे मोजीक जावास्क्रिप्टविना चालते आणि निकालांसाठी स्वतःचा इंडेक्स (वेबपानांची स्वतः तयार केलेली सूची) वापरते, म्हणून दुसरे मत घ्यायला ते उपयोगी पडते. मार्जिनेलिया आणि वायबी यांचा भर साध्या, मजकूरप्रधान पानांवर आहे. संगणकाच्या जुन्या भागांविषयी वाचताना त्यांत रमायला होते, पण तो मुख्यतः इंग्रजीचा प्रांत. आंबा-काजूच्या मराठी प्रश्नांसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. फ्रॉगफाइंड डकडकगोचेच निकाल देते, शिवाय उघडलेले पानही सोलून फक्त मजकूर पुढे ठेवते. बातम्यांची जड पाने वाचायची असतील तेव्हा मी तिकडे वळतो.

रोजच्या कामासाठी मात्र मी लिंक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये (त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘स्टार्टफाइल’ या ओळीसमोर डकडकगो लाइटचा पत्ता लिहून ठेवला आहे. ब्राउझर उघडताच शोधाची चौकट समोर येते आणि पत्ता टाइप करण्यात रेंज असलेली मिनिटे खर्ची पडत नाहीत.