पोर्तुगीज रेड वाइन: पहिली बाटली दांवची घ्या

गोव्याच्या दुकानांत 'पोर्ट वाइन' म्हणून जी स्वस्त, गोड लाल बाटली मिळते ती भारतातच बनते. तिच्यावरून पोर्तुगालच्या रेडची कल्पना करू नका. खरी पोर्टही वेगळीच चीज आहे: रस अर्धवट आंबला की त्यात 77 टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, आंबणं थांबतं आणि साखर उरते. इथे बोलायचं आहे ते साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवलेल्या, जेवणासोबतच्या रेडबद्दल. लेबलवर 'विन्यू तिंतू' (Vinho Tinto, म्हणजे लाल वाइन) दिसलं की ती हीच.

पहिल्यांदाच घेत असाल तर दांव प्रदेशाची घ्या. चहूबाजूंनी डोंगर, ग्रॅनाइटची जमीन, बरेचसे मळे 400-500 मीटर उंचीवर. दिवसा द्राक्ष पिकतं, रात्रीच्या गारव्यात त्याचा आंबटपणा टिकतो. तुरीगा नासिओनाल, आल्फ्रोशेरू, जाएन ही इथली मुख्य द्राक्षं. वास जांभळ्या फुलांचा आणि काळसर बेरींचा, तुरटपणा बेताचा, शेवट स्वच्छ. जुन्या लोकांच्या तोंडी दांव म्हणजे कडक, रुक्ष वाइन, आणि त्यांचं तेव्हा खरंही होतं. खाजगी वाइनवाल्यांना शेतकऱ्याकडून थेट द्राक्षं घ्यायची मुभाच नव्हती, सगळं सहकारी संस्थांमार्फत. 1986 साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर ही मक्तेदारी मोडली आणि वाइनचा दर्जा पालटला. आज किमतीच्या मानाने पोर्तुगालात इतकी समतोल रेड दुसरीकडे क्वचित मिळते.

दोरू प्रदेशाचं नाव मोठं. 1756 साली या प्रदेशाची हद्द आखली गेली, ती पोर्टसाठी. उभ्या फाकणाऱ्या शिस्ट खडकात मुळं खोल जातात, उन्हाळा कडक, त्यामुळे रेड दाट आणि भारदस्त. मात्र स्वस्त दोरूत ओकच्या लाकडाचा वास फळावर चढून बसतो. खर्च करायची तयारी असेल तरच इकडे वळा.

बाइराडा प्रदेशातल्या बागा या द्राक्षाची रेड माझ्या मते सर्वांत चवदार, आणि सर्वांत जास्त वेळा चुकणारी. बारीक मणी, जाड साल, उशिरा पिकणारं द्राक्ष. समुद्र जवळ असल्याने काढणीच्या सुमारास पाऊस गाठतो. शेतकरी घाबरून लवकर काढतो, मग वाइन हिरवट आणि जिभेला ओढ देणारी होते. चांगल्या वर्षाची, सात-आठ वर्षं थांबलेली बाटली मात्र निराळीच. नवी असेल तर दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत ओता. तिकडे ती भाजलेल्या कोवळ्या डुकराबरोबर पितात, कारण चरबी तुरटपणाला वेसण घालते. म्हणूनच गोव्याच्या सोरपोतेललाही, म्हणजे डुकराच्या आंबट-तिखट रश्श्यालाही, ती पेलते; त्यातल्या व्हिनेगरसमोर कमी आंबट वाइन फिकी पडते.

अलेंतेजू प्रदेशाची रेड सोपी: द्राक्षं आरागोनेश, त्रिंकाडेरा, आणि गरसुद्धा लाल असलेलं आलिकांते बूशे. मऊ, पिकलेली, पण अल्कोहोल अनेकदा 14.5 टक्के. लेबलवर पोर्तालेग्रे हा उपप्रदेश दिसला तर घ्याच. तिथे उंचीमुळे ताजेपणा राहतो.

लेबलवरच्या 'रिझर्वा'ने फार भारावू नका. 'गाराफेरा' जास्त भरवशाचा, कारण रेडसाठी किमान 30 महिने मुरवण आणि त्यातले 12 बाटलीत, अशी अट आहे.

आपल्याकडे सर्वांत मोठी चूक तापमानाची. ही वाइन 16-18 अंशांवर प्यायची, 30 अंशांच्या खोलीत ठेवून नव्हे. बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून 10-12 मिनिटं बुडवा. नुसता बर्फ बाटलीला नीट चिकटत नाही, म्हणून गारवा हळू उतरतो. तांबड्या रश्श्यासोबत 14.5 टक्क्यांची बाटली उघडू नका, अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही तिखट भडकवतात. तिथे सेतूबाल भागातली काश्तेलांव द्राक्षाची हलकी रेड थोडी जास्त गार करून बरी.

घेताना बुचाकडे बघा. बूच वर सरकलेलं किंवा मानेवर चिकट ओघळ असेल तर बाटली उन्हात तापलेली आहे, परत ठेवा. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचातल्या रसायनाचा दोष. हवा लागून तो जात नाही. पेला ओतून द्या आणि बाटली दुकानात परत न्या.