आठची टाकावी की सोळाची? किंग्स्टनच्या लॅपटॉप रॅमचं परीक्षण

वस्तू: किंग्स्टन व्हॅल्यूरॅम, ८ जीबी, डीडीआर४ पिढीची, ३२०० वेगाची, लॅपटॉपची आखूड स्टिक. लॅपटॉपमध्ये ४ किंवा ८ जीबी आहे, एक स्लॉट रिकामा आहे आणि विंडोज एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) आहे आणि खाली सांगितलेल्या तपासणीत रॅम कमी पडताना दिसली, तर बिनधास्त घ्या. विंडोज अजून फिरत्या हार्डडिस्कवर असेल, तर आधी एसएसडी टाका. 'हँग होतोय, रॅम वाढवून द्या' म्हणून दुकानात आलेल्या अशा लॅपटॉपला आठची काय, सोळाची टाकली तरी तो सुरू व्हायला तेवढाच वेळ घेणार.

'माझ्या लॅपटॉपला पाचशे जीबी मेमरी आहे' असं कुणी म्हणालं की ते हार्डडिस्कबद्दल बोलत असतात. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात गादीवर उघडून ठेवलेल्या चोपड्या म्हणजे रॅम, मागच्या कपाटातल्या म्हणजे डिस्क. गादी भरली की एक चोपडी कपाटात ठेवून दुसरी काढावी लागते, आणि वेळ खातो तो हा उठबशीचा भाग. हार्डडिस्क असेल तर कपाट पार वखारीत आहे असं समजा.

किती हवी हे दुकानदाराला विचारण्याआधी लॅपटॉपलाच विचारा. रोजची सगळी कामं उघडी ठेवा: टॅली, जीएसटीचं पोर्टल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, एक्सेल. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' उघडा. तिथल्या टक्केवारीवर विसंबू नका. ७० टक्के दिसलं म्हणजे रॅम कमी आहे असं नाही. आकडा बघायचा तो 'कमिटेड'चा, म्हणजे उघड्या प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेल्या मेमरीचा. तिथे ९.४/१२.१ असं काही दिसेल. पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा कायम मोठा राहत असेल आणि काम बदलताना लॅपटॉप अडखळत असेल, तर रॅम कमी पडतेय. ८ जीबी असताना पहिला आकडा ५-६ वरच असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, पण त्यावर ते नुसतं सुरू होतं, काम होत नाही. हिशेब, पोर्टल, बिलं, मराठी टायपिंग यांना ८ पुरते. क्रोममध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर १६. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि इम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालवायचा असेल, तर आठात रडायचं काम आहे. गूगलच त्या दोन्हींना मिळून किमान १६ सांगतं. बत्तीसची गरज व्हिडिओ एडिटिंग किंवा दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (एकाच लॅपटॉपच्या आत चालणारे नकली संगणक) चालवणाऱ्याला. बाकीच्यांनी बत्तीस घेणं म्हणजे स्कूटीला ट्रॅक्टरची टाकी. आणि यार्डात कुठे जुनं ३२-बिट विंडोज अजून चालत असेल, तर त्याला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही.

आता स्टिककडे. एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि पाकिटावर फरक दिसतो तो फक्त एका आकड्यात. केव्हीआर३२एस२२एस६/८ आणि केव्हीआर३२एस२२एस८/८. ३२ म्हणजे ३२००, २२ म्हणजे सीएल २२ (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा थांबा), शेवटचा ८ म्हणजे ८ जीबी. तिरप्या रेघेआधीचा ६ असेल तर स्टिकवर रुंद अशा ४ चिप, ८ असेल तर ८ चिप. चार चिपांच्या स्टिकमध्ये बँक ग्रुप (चिपच्या आतले मेमरीचे गट) निम्मे असतात, त्यामुळे ती किंचित मागे पडते. टॅलीला ते कळणारही नाही. गेम खेळणाऱ्याने, त्यातही वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर, आठ चिपांची मागावी.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला दोन स्टिका हव्यातच. एका स्टिकचा वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन मिळून ५१.२. ग्राफिक्स याच रॅममधून खातं, म्हणून एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या काही लॅपटॉपमध्ये ८ जीबी बसवूनही 'वापरण्याजोगी' सहाच्या आतबाहेर दिसते. ती चोरी नाही. वेगाचं म्हणाल, तर जुनी २६६६ ची असेल तर नवी ३२०० चीही तिच्याच चालीने चालते.

डीडीआर३, ४ आणि ५ च्या स्टिका एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. खाच वेगळ्या जागी असते. जोर लावला तर स्लॉट तुटतो आणि मग मदरबोर्डचं बिल. टास्क मॅनेजरमध्ये 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'रो ऑफ चिप्स' दिसलं, तर सध्याची रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे. जादा स्लॉट आहे की नाही हे मॉडेल नंबरावरून पाहूनच पैसे द्या.

बसवताना शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. चार्जर काढा, झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबा. स्टिक तिरपी घाला, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा 'टक्' आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. घाईने बटण दाबून बंद करू नका. त्यानंतरही काळाच राहिला, तर बहुतेक वेळा स्टिक पुरती आत गेलेली नसते. धूळ बसलेल्या पट्टीवर खोडरबर घासायची आपल्याकडची रीत सोन्याचा मुलामा खरवडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं.

रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) लावून ठेवा. एकही एरर आली तर स्टिक परत, 'एखादी चालते' हे ऐकून घेऊ नका. तसं सोडलं तर निळा पडदा येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे टॅलीचा डेटा गुपचूप बिघडतो.

भावाचं म्हणाल तर २०२५ च्या शेवटापासून रॅम महागली आहे, कारण कारखान्यांचा ओढा एआय डेटा सेंटरांच्या मेमरीकडे आहे. जुन्या व्हिडिओतला भाव घेऊन भांडू नका. स्वस्तात सॅमसंग किंवा हायनिक्सची सुटी स्टिक दाखवली, तर ती बहुधा दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेली. माल वाईट नसतो, पण वॉरंटी दुकानदाराची तेवढीच. किंग्स्टनची मर्यादित आजीवन वॉरंटी हवी असेल, तर सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'एसपीडी' (स्टिकमध्येच साठवलेली तिची माहिती) उघडून पार्ट नंबर स्टिकरशी जुळवा आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या. 'रॅम ८ जीबी, १ नग' एवढंच लिहिलेलं बिल दोन वर्षांनी कामाला येत नाही.