पिंपांची पवनचक्की: पठारावर दहा महिने

आमचं घर सडावाघापूरच्या अलीकडं, पाटण तालुक्यातल्या पठारावर. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला माणसं येतात, तोच हा भाग. जो वारा दरीत पडणारं पाणी परत वर फेकतो तो आपली बॅटरी का भरणार नाही, एवढ्या हिशेबावर मी गेल्या एप्रिलच्या शेवटी सॅव्होनियस जातीची उभ्या आसाची पवनचक्की बसवली. पाटणच्या एका वेल्डरकडून दोनशे लिटरच्या दोन पिंपांची करून घेतली. जनरेटर आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारी पेटी) तेवढे ऑनलाइन मागवले. खांब, पाया, बेअरिंगं, मजुरी धरून ३७ हजार गेले.

निकाल आधीच सांगतो. वीज स्वस्त पडेल म्हणून करणार असाल तर करू नका. दहा महिन्यांत हिनं ७६ युनिट दिले. निम्म्याहून कमी पैशात आलेल्या ३३५ वॅटच्या सोलर पॅनलनं त्याच काळात जवळजवळ चौपट दिले. तरीही मी ती उतरवणार नाही.

हिचं तत्त्व पोरासोरांनाही कळेल असं आहे. पिंप उभं चिरायचं, दोन अर्ध्या एकमेकींच्या उलट्या बाजूला तोंड करून आसाला लावायच्या. वरून बघितलं तर 'एस' अक्षर दिसतं. वारा एका अर्धीच्या पोटात शिरतो, दुसरीच्या पाठीवरून घसरतो. पोटाला बसणारा रेटा पाठीपेक्षा जास्त, म्हणून फिरतं. हवामान केंद्रावरचं वाट्यांचं वेगमापक याच न्यायानं चालतं. सिगुर्ड सॅव्होनियस या फिनलंडच्या माणसानं १९२०च्या दशकात याला हे रूप दिलं. नुसत्या रेट्यावर चालणाऱ्या चक्क्या मात्र फार जुन्या. इराणात नश्तीफानला मातीच्या भिंतींमध्ये उभ्या केलेल्या लाकडी चक्क्या अजून आहेत. तिथं उलट येणारी निम्मी बाजू भिंतीआड झाकलेली असते. सॅव्होनियसनं भिंतीऐवजी पाठीला गोलाई दिली आणि दोन अर्ध्यांच्या मध्ये फट ठेवली.

ही फट आमच्या वेल्डरला काही केल्या पटेना. "मालक, मधी फट कशाला ठिवायची? वारा गळंल की सगळा!" मी आठवडाभरानं बघायला गेलो तोवर त्यानं दोन्ही अर्ध्यांच्या कडा आसाला घट्ट वेल्ड करून टाकलेल्या. म्हटलं, असू दे, बघू. ती तशीच चढवली आणि पंधरा दिवस बघितली. सकाळच्या मंद वाऱ्यात नुसती डुलायची, सुटायची नाही. मग उतरवून कडा कापल्या आणि दोन्ही अर्ध्या एकमेकींवर दहा सेंटिमीटर येतील अशा बसवल्या, म्हणजे एका पिंपाच्या व्यासाच्या साधारण सहावा हिस्सा. एका पोटात शिरलेला वारा फटीतून दुसऱ्या अर्धीच्या पोटात जातो आणि तिला आतून ढकलतो. वेल्डर मान हलवत बघत होता. वर-खाली पिंपांपेक्षा थोड्या मोठ्या पत्र्याच्या चकत्या लावल्या, नाहीतर वारा टोकांवरून निसटतो. दुसरं पिंप पहिल्यावर काटकोनात ठेवलं, कारण एकच पिंप असलं की वाऱ्याच्या काही दिशांना ते अडून बसतं, हातानं ढकलावं लागतं. आता सेकंदाला अडीच मीटर वाऱ्यालाही ती आपसूक सुटते.

तीन पाती केली तर जास्त वीज मिळेल का, हे मला किमान दहा जणांनी विचारलं. नाही. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेनं १९७७ मध्ये दोन आणि तीन पात्यांची मापं वाऱ्याच्या बोगद्यात घेऊन छापली आहेत. त्यांत दोन पात्यांचंच काम सरस निघालं.

आता जनरेटर. त्याच्यावर '५०० वॅट' अशी ठळक पाटी आहे आणि विकणाऱ्यानं फोनवर तोच आकडा तीनदा ऐकवला. हिशेब असा: माझ्या चक्कीचं वाऱ्याला दिसणारं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. पठार हजार मीटरच्या वर, म्हणून हवा समुद्रसपाटीपेक्षा दहाएक टक्के विरळ. सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी २९ किलोमीटर वारा सुटला की या क्षेत्रफळातून जाणाऱ्या सगळ्या वाऱ्याची ताकदच मुळी ५०० वॅटच्या आसपास भरते. बेट्झच्या नियमानं कुठल्याही चक्कीला त्यातला ५९.३ टक्क्यांहून जास्त हिस्सा घेता येत नाही. समोरच्या डोंगरावरच्या तीन पात्यांच्या मोठ्या पवनचक्क्या चाळीस टक्क्यांच्या वर जातात. पिंपाच्या हाताला जेमतेम पंधरा लागतात. त्यातून चेन (ती पुढं येते), जनरेटर, रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारा) यांचा वाटा वजा केला की माझ्या मीटरवर ४० ते ५० वॅट दिसतात. वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, अष्टमांश होते. ४ मीटरच्या वाऱ्यात हिशेबानं ५-६ वॅटच उरतात, एखादा एलईडी दिवा. जोरदार झोतात मी पाहिलेला सगळ्यात मोठा आकडा १८० वॅट, तोही दोन-तीन सेकंद. पाटी खोटी नाही, पण ती जनरेटरची आहे, पिंपांची नाही.

दुसरी भानगड फेऱ्यांची. रेट्यावरच्या चक्कीचं टोक वाऱ्याच्याच वेगानं, किंबहुना थोडं सावकाश फिरतं. ६ मीटर वाऱ्यात माझी मिनिटाला नव्वदच्या आसपास फेरे घेते. जनरेटर अडीचशेच्या खाली बॅटरी चार्ज होण्याइतका विजेचा दाबच (व्होल्टेज) देत नाही. पहिला महिनाभर ती डौलानं फिरत होती आणि मीटर शून्यावर. येणारेजाणारे म्हणायचे, "वा, मस्त चाललीय!" आधी व्ही-बेल्ट लावून बघितला. जूनच्या पहिल्या पावसात तो ओला होऊन घसरायला लागला. शेवटी भंगारातून मोटरसायकलची चेन आणि दोन स्प्रॉकेट आणली, ४२ दात्यांचं आसाला आणि १४ चं जनरेटरला, म्हणजे तिप्पट फेरे. आवाज करते, पंधरा दिवसांनी ग्रीस मागते, पण चालते.

सगळ्यात मोठी चूक मात्र जागेची झाली. मी ती घराच्या स्लॅबवर बसवली होती. उंची फुकट मिळते ना! आषाढातल्या एका रात्री वारा वाढला आणि दीडच्या सुमाराला सगळं घर पिठाच्या गिरणीसारखं घुमायला लागलं. या चक्कीचा रेटा एकसारखा नसतो, प्रत्येक फेऱ्यात धक्के बसतात. एका ठरावीक वेगाला ते धक्के आणि स्लॅबची कंपनं जुळली असणार. फळीवरची पातेली वाजत होती, एक ताट खाली आलं. आई उठून बसली, "ते आधी बंद कर, न्हाईतर मी जाते गोठ्यात झोपायला." बंद कसं करणार? जनरेटरच्या तिन्ही तारा एकत्र जोडल्या की ब्रेक लागतो, असं वाचलं होतं. हलक्या वाऱ्यात लागतोही. त्या रात्री ती फक्त हळू झाली. शेवटी पावसात वर चढून तासाभराच्या खटपटीनं पिंपाला कासरा अडकवला आणि पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधला. असलं धाडस कुणी करू नका. दोर आधीच बांधून खाली आणून ठेवा.

त्या आठवड्यात चक्की उतरवली आणि घरापासून ३० मीटरवर बांधाजवळ, काँक्रीटच्या पायात ५ मीटर खांब उभा करून चढवली, चार बाजूंना तारेचे ताण देऊन. ही चक्की वादळात तीन पात्यांच्यासारखी बेफाम सुटत नाही, हे खरं. पण ती वाऱ्यापुढं मानही वळवत नाही, सगळा मारा अंगावर घेते. सेकंदाला २५ मीटरच्या झोतात माझ्या हिशेबानं खांबाच्या टोकाला पाऊणशे किलोचा आडवा रेटा बसतो. खांबावर काटकसर नको. बोल्टना स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका, डबल नट लावा. माझे दोनदा सैल झाले.

बेअरिंगांत वरचं ६२०६ नंबरचं साधं बॉल बेअरिंग अजून ठणठणीत आहे. खालीही आधी तेच घातलं होतं. चाळीसेक किलोचं धूड त्याच्यावर उभं, त्यात धुक्याचं पाणी. ऑगस्टमध्ये खरखर सुरू झाली. आता खाली टेपर रोलर, म्हणजे उभं वजन पेलणारं बेअरिंग आहे आणि वरून रबरी टोपी. पिंपांचा रंग समुद्रकाठच्या गावात किती टिकेल कोण जाणे, इथं रेड ऑक्साईडवर दोन हात मारूनही कापलेल्या कडांना गंज आलाच. पिंप आणताना त्यात आधी काय होतं ते विचारा. थिनरचं पिंप गॅस कटरनं कापणं म्हणजे बॉम्बला काडी लावणं. आम्ही खाद्यतेलाची आणली, धुतली आणि पाणी भरून वरून कापत आलो.

मग उतरवत का नाही? जून ते ऑगस्ट. ७६ पैकी ५१ युनिट त्या तीन महिन्यांतले. जुलैमध्ये इथं दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही, दारातला गोठा धुक्यात हरवतो. त्या महिन्यात पॅनलनं ११ युनिट दिले, पिंपांनी १९. लाइट सलग तीन दिवस गेली तेव्हा गोठ्यातला दिवा, दोन मोबाइल आणि डुकरांसाठी लावलेलं झटका कुंपण हिच्यावर चाललं. शेजारचे तात्या, जे पहिल्या दिवशी "ह्यो पंखा हाय का लोणच्याची बरणी?" म्हणाले होते, ते तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन दारात.

डिसेंबरात पुरते दोन युनिटही नाहीत. म्हणून ज्या हंगामात वारा असतो त्याच हंगामात ऊन नसतं अशा जागी, सोलरच्या जोडीला, स्वतः पाना धरता येत असेल तर करा. गावात, झाडीत, इमारतींच्या मध्ये नको. तिथं फिरेल, पण मीटर हलणार नाही.

सध्या ती दोरीनं बांधून ठेवली आहे. वारा नाही आणि रिकामी चेन कुरकुरते. वरच्या पिंपात साळुंकीनं काड्या आणायला सुरुवात केली आहे, त्यामुळं टेपर रोलर उघडून बघायचं काम मेपर्यंत लांबलं.